मोटेचा नाडा ते आर्मर्ड केबल : एका पिळाचा इतिहास

कागल तालुक्यातल्या आमच्या गावात एका जुन्या विहिरीची धाव अजून शाबूत आहे. मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून खाली जात आणि उलट्या पावली वर येत, ती ही धाव. आता तिच्यावर गवत माजले आहे. थारोळ्याचे दगड कुणी तरी गोठ्याच्या पायासाठी नेले. पण काठावरच्या एका काळ्या दगडाला दोर घासून पडलेली खाच तेवढी उरली आहे; बोट घातले तर पहिले पेर आत जाते. त्याच खाचेत आज एक काळी केबल विसावलेली असते. ती खांबावरच्या पेटीतून निघते आणि विहिरीतल्या मोटारीकडे जाते.

ती खाच पाडणारे नाडे माझा आज्जा वळत असे. आणि खाचेत पडलेली केबल ज्या प्रकारच्या यंत्रावर तयार होते, त्या आर्मरिंग मशीनवर मी १९८३ पासून एकतीस वर्षे काम केले. नोकरीतून मोकळा झाल्यावर या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता लक्षात आले की आज्जाचे काम आणि माझे काम यांत केवळ आडनावाचा संबंध नाही. माझे यंत्र दोर वळणाऱ्यांच्याच घराण्यातले आहे. हे घराणे कसे जुळते, ते या लेखात मांडतो.

आम्ही मातंग. दोर वळणे हे गावगाड्यात आमच्या वाट्याला आलेले काम. नाडा, सोंदूर, कासरा, दावे, चऱ्हाट, शिंके अशी दोराची जितकी कामे तितकी नावे. मोटेला जाड नाडा आणि बारीक सोंदूर लागे. बेंदराला प्रत्येक बैलाला नवा कासरा आणि नवी म्होरकी लागे. मोबदला म्हणून सुगीत खळ्यावर बलुते मिळायचे. बैलाच्या गळ्यातले दावे, देवघराजवळ टांगलेले शिंके आणि पाळण्याची दोरी आमच्या हातची चालायची. ती वळणारा हात मात्र उंबऱ्याच्या बाहेरच थांबायचा. आज्जाने नाडा वाड्याच्या पायरीवर ठेवायचा आणि मागे सरायचे, मग आतला गडी तो उचलायचा. हे मी लहानपणी पाहिले आहे.

दोर वाखाचा असे. बांधावरच्या घायपाताची पाने कापायची, त्यांच्या पेंढ्या बांधून ओढ्याच्या पाण्यात दगडाखाली कुजत घालायच्या, पंधरवड्याने काढून बडवायच्या, धुवायच्या आणि वाळवायच्या. त्या कुजलेल्या पाण्याची खाज आणि वास दोन्ही हाताला चिकटून राहत. मग मोकळ्या मैदानात फिरकीवर वाखाला पीळ द्यायचा. असे तीन पेड तयार झाले की ते तीन खाचांच्या लाकडी ठोकळ्यातून ओवायचे. ठोकळा धरून एक माणूस मागे मागे सरकत जातो आणि त्याच्यापुढे तिन्ही पेड आपसूक एकमेकांत मिटत दोर होतात. हे मिटणे पेडांच्या पिळाच्या उलट दिशेने होते. आज्जा म्हणायचा, “पीळ एकीकडं, वळ दुसरीकडं. मग दोर सुटत न्हाई. दोन्ही एकीकडं गेलं की उलगडलाच म्हणून समज.” पेड सुटायला बघतो तेव्हा दोर आवळतो, दोर सुटायला बघतो तेव्हा पेड आवळतो. मोटेतल्या पाण्याचे सगळे ओझे या एका भांडणावर तोललेले असे.

कोल्हापूरच्या आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करून मी बाहेरगावच्या एका केबल कारखान्यात लागलो. आयटीआयमधली माझी जागा राखीव होती. करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा शाहू महाराजांचा जाहीरनामा २६ जुलै १९०२ चा. त्यानंतर ऐंशी वर्षांनी त्याच गावात, त्याच तत्त्वावर माझ्या हातात कानस आली. म्हणून ही तारीख मला पाठ आहे.

वाचकांपैकी अनेकांनी आर्मर्ड केबल रस्ता खोदताना पाहिली असेल. ती कापली तर आत आधी ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या तारांचे गाभे दिसतात. प्रत्येक गाभ्यावर लाल, पिवळे, निळे आणि न्यूट्रलसाठी काळे असे प्लास्टिकचे आवरण असते. हे गाभे एकमेकांभोवती वळून त्यांवर आतले आवरण चढवतात. त्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांचा किंवा चपट्या पट्ट्यांचा वेढा येतो. हेच चिलखत, म्हणजे आर्मर. सर्वांत बाहेर काळे आवरण. कुदळीचा घाव, मातीचा भार, केबल ओढतानाचा ताण हे सगळे हा वेढा सोसतो. आत बिघाड होऊन वीज बाहेर फुटली तर तिला जमिनीकडे नेणारी वाटही तोच.

हा वेढा घालणारे यंत्र लांबीला एखाद्या रेल्वेच्या डब्याहून मोठे असते. मधोमध पोकळ शाफ्ट आणि त्यातून केबल पुढे सरकते. शाफ्टभोवती मोठा पिंजरा फिरतो. पिंजऱ्यात तारेने भरलेली बॉबिने, प्रत्येक आपापल्या पाळण्यात. पिंजरा फिरतो तशा सगळ्या तारा पुढच्या भोकाभोकांच्या तबकडीतून निघून एका डायच्या तोंडाशी एकत्र येतात आणि केबलवर बसतात. पलीकडे कॅपस्टन केबल ओढत असतो. कॅपस्टनने मिनिटाला बारा मीटर ओढले आणि पिंजऱ्याचे तीस फेरे झाले, तर एका वेढ्याची लांबी चाळीस सेंटिमीटर. हा हिशेब गिअर बदलून साधायचा. वेढा फार लांब झाला तर केबल वाकवताना तारा फाकतात. फार आखूड झाला तर तार जास्त खर्च होते आणि केबल ताठ बनते.

पहिल्या दिवशी मी यंत्रापुढे उभा राहिलो तेव्हा पिंजऱ्याकडे पाहून मला जत्रेतला आकाशपाळणा आठवला. चाक फिरते, पण पाळण्यात बसलेला माणूस उलटा होत नाही. गोल तारेची बॉबिनेही तशीच गिअरांच्या साखळीने सरळ राखलेली असतात. नाही तर पिंजऱ्याच्या प्रत्येक फेऱ्याला तारेच्या अंगातच एक पीळ भरेल आणि केबल कापताच ती स्प्रिंगसारखी उसळेल. चपट्या पट्टीला मात्र ही सोय वापरत नाहीत, कारण पट्टीने केबलवर पाठ टेकून निजायचे असते. मग नजर तबकडीकडे गेली. भोकाभोकांतून तारा येत होत्या आणि एका बिंदूवर मिटत होत्या. आज्जाचा तीन खाचांचा ठोकळा मी ओळखला.

ही ओळख माझ्या मनाचा खेळ नव्हती, हे मला फार उशिरा, वाचताना कळले.

जर्मनीतल्या हार्त्स डोंगरात रुप्याच्या खाणी होत्या. तिथे खनिज वर काढायला तागाचे दोर आणि साखळ्या वापरत. दोर कुजत, साखळी एक कडी तुटली की सगळीच जाई. क्लाउस्थाल इथला खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ साली लोखंडी तारांचा दोर करून घेतला. चार तारांचा एक पेड, असे तीन पेड, सगळे हाताने वळलेले. त्याने पीळ आणि वळ एकाच दिशेने ठेवले होते. आज्जाने नाक मुरडले असते. पण त्या दोराची दोन्ही टोके जखडलेली असत, त्यामुळे तो उलगडायला वाव नव्हता. इंग्लंडमध्ये आर. एस. न्यूअल याने १८४० साली तारेच्या दोराचे पेटंट घेतले आणि हे काम हाताकडून यंत्राकडे गेले.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १८५० मध्ये, इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीत तारायंत्राची पहिली तार टाकली गेली. तांब्याच्या तारेवर गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे आवरण, बाकी काही नाही. ती एका दिवसातच तुटली. एका कोळ्याच्या जाळ्यात अडकली असे सांगतात. पुढच्या वर्षी तीच कल्पना वेगळ्या रूपात आली. गटापर्चाने मढवलेल्या चार तारांभोवती ताग आणि त्यावर दहा जस्ती लोखंडी तारांचा वेढा. हा वेढा केबलवाल्यांना घालता येत नव्हता, कारण केबलवाला असा धंदाच तेव्हा नव्हता. ते काम लोखंडी दोर वळणाऱ्यांनी त्यांच्या यंत्रांवर केले. दोराच्या मधोमध असतो तो तागाचा गाभा काढून त्यांनी तिथे तारायंत्राची तार घातली. १८५१ ची ती केबल टिकली. जगातले आर्मरिंग मशीन म्हणजे दोर वळण्याचे यंत्र, फक्त पोटात दुसरे काही तरी धरलेले.

यानंतरची गोष्ट १८५७ ची. त्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीने उठाव केला. बरोबर पाच दिवसांनी, ५ ऑगस्टला, आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया किनाऱ्यावर अटलांटिक महासागरात टाकायच्या केबलचे टोक बांधले जात होते. ती केबल दोन कारखान्यांत अर्धी अर्धी झाली होती. ग्रीनिचला ग्लास, एलियट आणि कंपनीकडे एक भाग आणि बर्कनहेडला न्यूअलकडे दुसरा. चिलखतात सात सात तारांचे अठरा पेड होते, म्हणजे एकशे सव्वीस तारा. तयार झाल्यावर असे दिसले की एका कारखान्याने वेढा एका दिशेने घातला आहे आणि दुसऱ्याने उलट दिशेने. तोवर दुरुस्तीला वेळ नव्हता. अशी दोन टोके समुद्रात जोडून लोंबकळत सोडली तर ताण पडताच जोडाच्या ठिकाणी दोन्ही बाजू एकाच वेळी उलगडू लागणार. शेवटी जोड लाकडी चौकटीत आवळून बसवण्याची युक्ती काढावी लागली.

११ ऑगस्टला केबल तुटली ती दुसऱ्याच कारणाने. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १८५८ मध्ये, ती पूर्ण झाली आणि साधारण तीन आठवडे चालली. विक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पलीकडे जायला सोळा तास लागले. क्षीण होत चाललेल्या त्या केबलवरून गेलेल्या शेवटच्या महत्त्वाच्या संदेशांपैकी एक आपल्याशी संबंधित होता. हिंदुस्थानातला उठाव शमला आहे, तेव्हा कॅनडातल्या दोन पलटणींनी निघू नये, असा तो हुकूम. तोवर कोल्हापूरच्या छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांची रवानगी कराचीला झाली होती. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. साम्राज्याचे हुकूम ज्या तारेतून धावत, तिचे रक्षण दोर वळणाऱ्याचा वेढा करत होता.

उलट्या वेढ्याची ही हकिकत मी वाचली तेव्हा हातातले पुस्तक बाजूला ठेवले. कारण तीच चूक मी केली होती.

नोकरीचे चौथे वर्ष असेल. रात्रपाळी. पट्टीचे काम संपवून गोल तारेचे काम लावायचे होते. गिअर बदलताना पिंजऱ्याची दिशा ठरवणारा दांडा मी चुकीच्या बाजूला टाकला. भारतीय मानक आय. एस. १५५४ सांगते, की आतल्या गाभ्यांच्या बाहेरच्या थराचा वळ उजवा हवा आणि आर्मरचा डावा. केबल आपल्यापासून दूर जाताना तारा डावीकडे वळत गेल्या पाहिजेत. माझ्या तारा उजवीकडे वळत होत्या. पाचशे मीटरचा ड्रम भरत आला. केबल नेहमीसारखी ड्रमवर अंग टाकत नव्हती, वेटोळ्यातून उसळून वर येत होती. हाताला ते कळत होते. डोक्याने ऐकले नाही. सकाळी तपासनिसाने टोक पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. सगळी तार उलगडून भंगारात गेली. दोन रात्री आम्ही तेच काम पुन्हा केले. मला लेखी समज मिळाली आणि ती मी जपून ठेवली आहे.

त्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा आज्जाला हे सांगितले. तेव्हा तो खाटेला खिळला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “शिकून ईसारलास व्हय?”

मानकातला तो नियम कुठल्या समितीने लिहिला असेल. पण पीळ एकीकडे आणि वळ दुसरीकडे ही अक्कल समितीच्या कितीतरी आधीची आहे. मानकात आणखीही एक नियम आहे. वेढ्यातली एखादी तार तुटली तर ती वेल्डिंगने जोडता येते, पण एका तारेचा जोड दुसऱ्या तारेच्या जोडापासून निदान तीनशे मिलिमीटर दूर हवा. आज्जा वाखाचे नवे पुंजके पेडात घालताना दोन पेडांचे सांधे कधीही एका जागी येऊ देत नसे. त्याच्याकडे मिलिमीटर नव्हते. तो वीत धरायचा.

आता पुन्हा विहिरीकडे येतो, कारण कोल्हापुरात या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. मोट थांबली ती केबलमुळे नव्हे. आधी ऑइल इंजिन आले. या शहरात इंजिन दुरुस्त करता करता ती बनवणारे मिस्त्री तयार झाले. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांची नावे कोल्हापूरच्या यंत्रउद्योगाचे आद्य पुरुष म्हणून आजही आदराने घेतली जातात. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथेच घडवला. शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या हे त्याच मुळाचे विस्तार. इंजिनानंतर विजेची मोटार आली. नदीकाठी उपसा योजना झाल्या, उसाचे क्षेत्र वाढले. मोटारीबरोबर केबल आली. एकाच विहिरीवर वाखाचा नाडा, इंजिनाचा पट्टा आणि पोलादी वेढ्याची केबल एकामागून एक येऊन गेली. आज्जाच्या हातचा नाडा इंजिनाने संपवला आणि त्याच्या नातवाला विजेने काम दिले. एका घरात हे दोन्ही घडले, म्हणून मला प्रगतीचा नुसता जयजयकारही करता येत नाही आणि नुसती हळहळही.

उद्यमनगराशी माझा एकदा थेट संबंध आला. आमच्या यंत्रातला एक गिअर तुटला. परदेशी यंत्र, सुटा भाग यायला महिने लागणार. मी म्हणालो, दोन दिवस द्या. तुटलेले दोन तुकडे पिशवीत घालून रात्रीच्या एसटीने कोल्हापूर गाठले. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये एका म्हाताऱ्या कारागिराने तुकडे जुळवून पाहिले, दाते मोजले, नखाने दात्याची धार चाचपली आणि विचारले, “ह्यो फिरतो का फिरवतो?” मी सांगितले, फिरवतो. त्याने त्याप्रमाणे पोलाद निवडले. कागदावर एक रेघ ओढली नाही. तो गिअर मी निवृत्त होईपर्यंत चालत होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आल्बर्ट, न्यूअल, ग्लास, एलियट ही नावे इतिहासात आहेत आणि असायलाच हवीत. पण १८३४ चा पहिला दोर आल्बर्टने एकट्याने वळलेला नाही. १८५७ च्या त्या दोन कारखान्यांत दांडा कुणी कुठल्या बाजूला टाकला, हे कुठेही लिहिलेले नाही. आमच्या कारखान्यात प्रत्येक ड्रमला एक कार्ड लागे. त्यावर केबलचा आकार, लांबी, तारेचा व्यास, तीन हजार व्होल्टची पाच मिनिटांची चाचणी आणि तपासनिसाची सही असे. ऑपरेटरच्या रकान्यात फक्त नंबर. ड्रम गिऱ्हाइकाकडे गेला की कार्ड फाइलीत जाई आणि काही वर्षांनी फाइल रद्दीत. केबल जमिनीत चाळीस वर्षे राहते.

तरीही एक फरक मी मान्य करतो. आज्जाला नाड्याबद्दल खळ्यावरचे धान्य मिळे आणि गावाच्या नोंदीत त्याची जात लिहिली जाई, काम नाही. माझ्या ओळखपत्रावर ‘कुशल कामगार’ असे छापलेले होते. दोघांचे कौशल्य एकच होते. फरक पडला तो शिकण्याचा हक्क मिळाल्यामुळे आणि त्या कौशल्याला ज्या नावाने हाक मारली गेली, त्यामुळे. दोर वळणाऱ्याच्या हातात अवजड यंत्र आले म्हणून तो कुशल झाला, असे जे समजतात त्यांनी वाखाचा एक नाडा वळून पाहावा.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. आमच्या ओढ्याचे पाणीही विहिरीत शिरले. पाणी ओसरल्यावर पुतण्याने मोटार वर काढली. केबलचे टोक चिखलाने भरले होते, ते कापून नवीन जोडायचे होते. त्याने हॅकसॉ माझ्या हातात दिला. बाहेरचे काळे आवरण सोलल्यावर तारा स्वच्छ निघाल्या, जस्ताची चमक होती तशी. मी सवयीने टोक डोळ्यांसमोर धरून दिशा पाहिली. डावा वळ, बरोबर. खाली गाभे उजवे. पुतण्याला दाखवले. तो म्हणाला, “काका, ही केबल तुमच्या हातची असंल का?” मी म्हणालो, नंबर गेला, आता कसे कळणार. मग टोक जोडले आणि केबल पुन्हा त्या दगडाच्या खाचेत नीट बसवली.